खासदारांची खतावणी : पावसाळी अधिवेशन २०२५, कोल्हापूर

२० जुलै २०२५, रविवार

उद्यापासून संसदेचं पावसाळी अधिवेशन. २१ ऑगस्टपर्यंत चालणार, मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आसपास सुट्टी, एकूण २१ बैठका. आज आमच्या घरी चौघे बसलो: मी, वकीलबाई, इतिहासाचे निवृत्त सर आणि आमच्याच गल्लीतला संगणक शिकणारा विद्यार्थी. महिनाभर आपल्या खासदारांच्या संसदेतल्या कामाची वही लिहायची असं ठरलं.

माझी वीस वर्षं शाहूपुरीत व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिण्यात गेली. गुळाच्या अडत्यापासून सुट्या भागांच्या दुकानदारापर्यंत प्रत्येकाला वर्षाअखेर आपलं खातं कुठं उभं आहे ते कळतं. मतदार म्हणून मात्र माझ्याकडं पाच वर्षांनंतर एकही पान नसतं. प्रचाराच्या गाडीवरून जे ऐकू येतं तेवढंच. हे मला फार दिवस खुपतंय.

खाती तीन उघडली. कोल्हापूर लोकसभा, शाहू छत्रपती, काँग्रेस. हातकणंगले लोकसभा, धैर्यशील माने, शिवसेना. राज्यसभा, धनंजय महाडिक, भाजप. तीन पक्ष आहेत हे बरंच झालं, एकाच्या मागे लागलात असं कुणी म्हणणार नाही. हातकणंगले घेतलं कारण जिल्हाच दोन मतदारसंघांत वाटला गेलाय. इचलकरंजी, शिरोळ, शाहूवाडी तिकडे, आणि त्यात सांगलीकडचे इस्लामपूर, शिराळाही आहेत. गावातल्या गावात विचारलं तरी अनेकांना आपला खासदार नेमका कोण हे सांगता येत नाही.

नियम एकच, माझ्या धंद्यातला. व्हाउचर नाही तर नोंद नाही. पेपरात आलं, भाषणात म्हणाले, फलकावर लिहिलंय, यातलं काही वहीत जाणार नाही. संसदेच्या संकेतस्थळावरचा कागद हवा.

२१ जुलै, सोमवार

पहिलाच दिवस गोंधळात, लोकसभा पुन्हा पुन्हा तहकूब. रात्री उपराष्ट्रपतींच्या राजीनाम्याची बातमी आली आणि आमच्या गटात सगळे त्यावरच बोलत बसले.

हजेरीचा रकाना आखताना वकीलबाईंनी अडवलं. हजेरी म्हणजे सदस्यानं त्या दिवशी आल्याची नोंद केली, एवढंच. तो दहा मिनिटं बसला की दिवसभर, ते त्यातून कळत नाही. मंत्र्यांना सही करावी लागत नाही, त्यामुळं मंत्र्याच्या नावापुढं रिकामी जागा दिसली तर तो गैरहजर होता असं होत नाही. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. आमच्या तिघांत सध्या मंत्री कुणी नाही, पण उद्या कुणी झालं तर त्या तारखेपासून खातं वेगळं धरायचं, हे पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

हजेरी ठेवायची, पण शेवटच्या रकान्यात. लोक पहिल्यांदा तोच आकडा विचारतात, आणि तोच सगळ्यात कमी सांगतो.

२३ जुलै, बुधवार

लोकसभेत रेल्वेच्या प्रश्नांचा वार. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात आणि गटागटाला वार ठरलेले असतात. रोज २० तारांकित प्रश्न आणि २३० अतारांकित. तारांकिताचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं उत्तर लेखी, पटलावर ठेवलं जातं. राज्यसभेत रोज १५ आणि १६०. लोकसभेत एका खासदाराचे एका दिवसाला जास्तीत जास्त पाच प्रश्न येऊ शकतात, त्यात तारांकित एकच. क्रम सोडतीवर लागतो. म्हणजे तारांकित प्रश्न लागला नाही यात खासदाराचा दोष असेलच असं नाही, चिठ्ठीच निघाली नसेल.

रेल्वे म्हटलं की आमचा विषय ठरलेला. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली आणि रूळ इथंच थांबले. कोकणात उतरणारी वैभववाडीची सुमारे १०७ किलोमीटरची लाईन २०१६-१७च्या रेल्वे अर्थसंकल्पात आली. सर म्हणाले, माझ्या वडिलांनी या लाईनची चर्चा ऐकली होती. मागच्या काही वर्षांतली रेल्वेची उत्तरं आम्ही ओळीनं वाचायला घेतली. वेगवेगळ्या राज्यांचे, वेगवेगळ्या पक्षांचे खासदार विचारतात आणि उत्तराची सुरुवात बहुतेक वेळा एकच: रेल्वे प्रकल्पांचं सर्वेक्षण, मंजुरी आणि काम विभागीय रेल्वेनिहाय होतं, राज्यनिहाय किंवा जिल्हानिहाय नाही. मग प्रकल्पाला लागणारा वेळ भूसंपादन, वनखात्याची परवानगी, राज्याचा वाटा अशा गोष्टींवर अवलंबून आहे हे सांगणारा परिच्छेद.

दहावं उत्तर वाचताना माझ्या लक्षात आलं, की चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न यातला फरक इथं दिसतो. ‘ही लाईन कधी पूर्ण होणार?’ असं विचारलं की तो परिच्छेद हमखास येतो. ‘गेल्या तीन वर्षांत वर्षनिहाय तरतूद किती, खर्च किती?’ असं विचारलं की आकडे द्यावे लागतात. वहीत ‘प्रश्नाचा नेमकेपणा’ असा रकाना वाढवला. त्याला गुण द्यायचे नाहीत, प्रश्न जसाच्या तसा उतरवून घ्यायचा.

२६ जुलै, शनिवार

चूक सापडली, माझीच. सरावासाठी मागच्या लोकसभेतल्या काही सदस्यांचे प्रश्न मोजले होते आणि बेरीज जुळेना. रुजुवात घेतली तर दोन कारणं निघाली.

एक, नावं. कागदावर कधी आडनाव आधी, कधी नाव आधी, कधी वडिलांच्या नावासकट. शाहू शहाजी छत्रपती, धैर्यशील संभाजीराव माने, धनंजय भीमराव महाडिक ही पूर्ण नावं आता आधी घालून ठेवली आहेत, म्हणजे शोधताना एकाच माणसाची दोन खाती होणार नाहीत.

दुसरं कारण मोठं. सारख्या विषयाचे प्रश्न एकत्र केले जातात आणि एकाच प्रश्नाच्या डोक्यावर अनेक खासदारांची नावं येतात. मी प्रत्येक नावाला एक पूर्ण प्रश्न लावला होता. प्रत्येकाचा प्रश्न म्हणून ते खरं आहे, पण जिल्ह्याला मिळालेली उत्तरं मोजायची तर उत्तर एकच आहे. विद्यार्थ्यानं आज दोन वेगळे आकडे काढायची सोय केली: खासदाराच्या नावावर किती, आणि प्रत्यक्ष उत्तराचे कागद किती. पहिला आकडा नेहमी फुगलेला असणार.

हे नीट करायला शनिवारची पूर्ण दुपार गेली.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. लोकसभेत काल आणि आज ऑपरेशन सिंदूरवर चर्चा. एवढ्या मोठ्या चर्चेत कुणाला किती वेळ, हे पक्षाच्या संख्याबळावरून ठरतं आणि पक्षाकडून कोण बोलणार ते पक्षच ठरवतो. त्यामुळं चर्चेतला सहभाग हा आकडा खासदाराचा जितका, तितकाच त्याच्या पक्षाचा. याउलट लोकसभेच्या नियम ३७७खाली एखाद्या लोकहिताच्या प्रश्नाकडं लक्ष वेधायला दिलेली लेखी सूचना, शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेत, मांडलेला मुद्दा, अतारांकित प्रश्न, या तिन्हींत माणसाचा स्वतःचा अभ्यास दिसतो. मतदारसंघाचं नाव बहुतेक वेळा तिथंच ऐकू येतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज लिहायला बसताना हात थरथरत होता. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे न्यायाधीश इथं बसून खटले ऐकतील असं पीठ, १८ ऑगस्टपासून, अधिसूचना निघाली. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना बोलता येईना. सहा जिल्ह्यांतले वकील चाळीस वर्षांहून जास्त काळ हे मागत होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. जमिनीच्या एका तारखेसाठी रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठणारे पक्षकार मी वह्यांतून पाहिलेत, प्रवासखर्चाच्या ओळीत.

संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचे फलक लागले, वेगवेगळ्या नेत्यांच्या फोटोंसह. गटात प्रश्न आला, हे खासदारांच्या खात्यात जमा करायचं का?

वकीलबाईंनी कायदा समजावला. राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१. त्याच्या पोटकलम ३ नुसार उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेनं न्यायाधीशांना बसण्यासाठी आणखी ठिकाण ठरवू शकतात. कोल्हापूरचं बेंच त्या वाटेनं आलं. कायमस्वरूपी खंडपीठाची वाट वेगळी, पोटकलम २, राष्ट्रपतींचा आदेश लागतो. आणि संसदेत खंडपीठाचा प्रश्न विचारला की कायदा मंत्रालयाचं उत्तर ठरलेलं: राज्य सरकारकडून परिपूर्ण प्रस्ताव यायला हवा, त्याला मुख्य न्यायमूर्ती आणि राज्यपाल यांची संमती हवी.

म्हणजे संसदेतल्या प्रश्नांनी बेंच आलं असं लिहिता येत नाही. पण प्रश्न विचारले गेल्यानं अडथळा नेमका कुठं आहे हे वर्षानुवर्षं कागदावर येत राहिलं, याला किंमत आहे असं मला वाटतं. वहीत जमा केलं नाही. ‘इतर टिपा’मध्ये तारखेसह लिहिलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

चप्पल लाईनला, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, गेले होते, जुन्या ओळखीच्या कारागिराकडे. मामा तळाला कान शिवत होते, दोऱ्याला मेण लावून टाका ओढायचा, पुन्हा मेण. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हापासून दुकानात कॅमेरेवाले येऊन गेलेत. मामांनी विचारलं, “ताई, तुम्ही ते दिल्लीचं लिवताय म्हनं. आमचा प्रश्न कुनी इचारला का न्हाई?”

मला सांगता आलं नाही. दोन संध्याकाळी शोधण्यात घालवल्या तेव्हा कारण कळलं. चप्पल एकच, पण संसदेच्या नोंदीत तिचे तुकडे झालेले. भौगोलिक मानांकन वाणिज्य मंत्रालयाकडे. हस्तकला म्हणून कारागीर वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे. कर्ज, समूह विकास सूक्ष्म-लघु उद्योगाकडे. एका मंत्रालयात शोधलं की बाकीचे दोन सुटतात. शिवाय कागदावर कुठं पादत्राणं, कुठं चामड्याच्या वस्तू; ‘कोल्हापुरी’ हा शब्दच नसतो. मानांकन २०१९ साली मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, दोन्ही राज्यांचं मिळून. तेव्हा निपाणी-अथणीकडच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खासदारानं विचारलेला प्रश्नही मामांचाच प्रश्न आहे. आमच्या तीन खात्यांत तो कधीच दिसला नसता.

मामांना हे सांगितलं. त्यांनी टाका ओढला आणि म्हणाले, “बरं, इचारलं. मग? त्यातनं निघालं काय?”

११ ऑगस्ट, सोमवार

आज लोकसभेत नवं आयकर विधेयक मांडलं गेलं आणि आजच मंजूरही झालं. १९६१च्या कायद्याच्या जागी येणारा कायदा. माझा रोजचा धंदा ज्याच्यावर चालतो तो कायदा, आणि सभागृहात त्यावर काही मिनिटंच गेली. विरोधी खासदारांचा आज निवडणूक आयोगावर मोर्चा होता.

मतदानाच्या रकान्यात काय लिहायचं? काहीच नाही. मंजुरी आवाजी मतदानानं. ‘होय’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे, अध्यक्ष कानोसा घेतात आणि निर्णय देतात. कुणी काय म्हटलं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. सदस्यांनी मतविभागणी मागितली तरच बटणं दाबली जातात आणि नावं छापली जातात. एप्रिलमधल्या वक्फ दुरुस्ती विधेयकाला तशी विभागणी झाली, लोकसभेत २८८ विरुद्ध २३२, राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५. डिसेंबरमध्ये एकत्र निवडणुकांचं विधेयक मांडतानाही झाली, २६९ विरुद्ध १९८. अशा मोजक्या वेळा सोडल्या तर आपल्या प्रतिनिधीनं कायद्याच्या बाजूनं मत दिलं की विरुद्ध, हे मतदाराला कागदावर दाखवता येत नाही.

मला याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. खासदाराचं सगळ्यात मोठं काम कायदा करणं, आणि नेमक्या त्याच रकान्यात माझ्याकडं व्हाउचर नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टीचे दिवस, उरलेलं आवरलं. समित्या: विभागनिहाय स्थायी समित्या २४, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड, पण अहवाल छापले जातात आणि वाचण्यासारखे असतात. कोण कुठल्या समितीत आहे तेवढं आत्ता नोंदवलं.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी. सुचवलेलं काम, जिल्हा प्रशासनानं मंजूर केलेलं काम आणि पूर्ण झालेलं काम, तिन्ही आकडे निराळे, आणि फलकावर बहुतेक पहिला असतो. हे संसदेतलं काम नव्हे म्हणून वेगळ्या वहीत.

२० ऑगस्ट, बुधवार

पाऊस थांबेना. प्रत्येकाच्या मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ धोका. आमच्या घरात लहान पोरांनाही हे आकडे पाठ आहेत. २०१९ला आणि २०२१ला सामान माळ्यावर चढवलेलं. वहीची गठडी आजच वर ठेवली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अधिवेशन संपलं. अध्यक्षांनीच सांगितलेले आकडे: चर्चेला १२० तास ठरले होते, लोकसभेत झाली ३७ तास. ४१९ तारांकित प्रश्न यादीत होते, तोंडी उत्तरं ५५ प्रश्नांची.

या ५५ वर थांबायला हवं. प्रश्नोत्तराचा तास बुडाला तरी लेखी उत्तरं पटलावर येतात, त्यामुळं खासदाराची प्रश्नसंख्या गोंधळात कमी होत नाही. बुडतो तो पूरक प्रश्न. मंत्र्यानं ठरलेला परिच्छेद वाचून दाखवल्यावर उभं राहून ‘पण यंदाची तरतूद किती?’ असं विचारायची संधी. तयारी तिथंच दिसते. बाहेर खासदारांचे जे गुणतक्ते निघतात त्यांत या नुकसानाला जागाच नाही. महिनाभर सभागृह बंद पडलं तरी सगळ्यांचे प्रश्न जागच्या जागी.

२४ ऑगस्ट, रविवार

चौघे पुन्हा बसलो. विद्यार्थ्यानं तिघांचा तक्ता करून आणला होता, रंगीत, पहिला-दुसरा-तिसरा. मी तो लावायला नको म्हणाले. त्याला वाईट वाटलं, मेहनत घेतली होती. पण महिनाभर जे शिकलो ते त्या तक्त्याच्या विरुद्ध जातं: सोडत, जोडलेली नावं, पक्षानं दिलेला वेळ, आवाजी मतदान. मामांचा ‘मग?’ त्यात कुठंच बसत नाही.

सरांनी वाट दाखवली. मंत्री उत्तरात ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ असं म्हणतात तेव्हा ते आश्वासन धरलं जाऊ शकतं. लोकसभेत त्यासाठी १९५३पासून वेगळी समिती आहे, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. माझ्या भाषेत ही येणे बाकी. दुकानदार उधारीची वही रोज उघडतो. ही वही आपण कुणीच उघडत नाही.

तर खतावणी पालटली. आता खातं खासदाराच्या नावावर नाही, विषयाच्या नावावर: वैभववाडी लाईन, पंचगंगा, साखरेचा किमान विक्री दर, विमानतळ, चप्पल. प्रत्येक विषयाखाली कुणी, कधी, कुठल्या मंत्रालयाला विचारलं, उत्तर काय, आणि येणे बाकी काय, तारखेसह. साखरेचा किमान विक्री दर २०१९च्या फेब्रुवारीपासून किलोला ३१ रुपयांवरच आहे, ऊसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, मात्र बहुतेक हंगामांत वाढत गेली. या एका ओळीवर किती वेळा विचारलं गेलं आणि तेच उत्तर किती वेळा आलं, हे एका पानावर दिसलं की वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही. खासदारांची नावं त्याच पानांवर येतात, आपापल्या जागी. तक्त्याचं काम वाया गेलं नाही, विद्यार्थ्याचाच कार्यक्रम विषयवार शोधायला वापरला.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. चप्पल लाईनपर्यंत चालत गेले, रस्त्याच्या कडेला अजून गुलाल.

प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि प्रश्न १५० शब्दांच्या आत. तेव्हा हिवाळी अधिवेशनासाठी काही सुचवायचं तर आत्ताच. मी मसुदा करून नेला होता, वाणिज्य मंत्रालयासाठी, राज्याच्या अखत्यारीतलं काही न घालता. (क) मानांकन मिळाल्यापासून कोल्हापुरी चपलेचे अधिकृत वापरकर्ते म्हणून किती कारागिरांची नोंद झाली, वर्षनिहाय आणि जिल्हानिहाय. (ख) परदेशात नक्कल झाल्यास कारागिरांच्या वतीनं दाद मागण्यासाठी केंद्रानं काय व्यवस्था केली, त्यावर किती खर्च झाला.

मोठ्यानं वाचून दाखवला. मामा म्हणाले, आकडं मागितलं ते बरं केलं. आतून मामी आल्या, मांडीवर चामड्याच्या पट्ट्या, बोटं चालूच. त्या वेणी घालतात, लग्न होऊन आल्यापासून. “त्या नोंदीत बायका किती हाईत तेबी इचारा,” म्हणाल्या. “वेणी घरात बसून आमीच घालतो. नाव दुकानावरच्याचं लागतंय.”

(क)मध्ये ‘त्यांपैकी महिला किती’ एवढं वाढवलं. शब्द मोजले, मर्यादेच्या आत आहेत. तीन प्रती काढल्या, एकच मजकूर तिन्ही खासदारांना. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी आणि विद्यार्थी तिन्ही कार्यालयांत जाणार, आणि आमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेणार. चपलेच्या पानावरचं ते पहिलं व्हाउचर.